सूचना येत नाहीत, प्रशिक्षणाची आमंत्रणे मात्र रोज येतात : माझा अनुभव

नमस्कार डॉक्टर,

आपण लिहिले आहे की स्वतंत्र दवाखाना सुरू करून आठ महिने झाले, परिसरातल्या साथींच्या सूचना एक तर येतच नाहीत किंवा साथ ओसरल्यावर येतात, प्रशिक्षणाची आमंत्रणे मात्र दिवसाला चार-पाच येऊन पडतात आणि त्यांतले काय निवडावे ते कळत नाही. त्याखाली एका सदस्याने ‘त्या सूचना म्हणजे निव्वळ औपचारिकता, अनुभवी डॉक्टरला त्यांची गरज नसते’ असे म्हटले आहे. खरे सांगायचे तर त्या वाक्यामुळेच मी लिहायला बसले, कारण पंधरा वर्षांपूर्वी मीही अगदी हेच म्हणत असे. नोंदणीचे नूतनीकरण, त्यासाठी प्रशिक्षणांतून मिळवावे लागणारे गुण, प्रमाणपत्रे जपून ठेवणे हे सगळे आपल्याला ठाऊक असणारच, म्हणून त्यात शिरत नाही.

मी जुनी जागा सोडून नव्या भागात दवाखाना हलवला, तेव्हा नव्या पत्त्याची नोंद वैद्यकीय परिषदेकडे रीतसर केली, पोच घेतली आणि विषय संपला असे समजले. साथींच्या सूचना पाठवण्याची यादी नोंदणीच्या यादीपेक्षा वेगळी असते, प्रशिक्षणाची यादी तिसरीच असते आणि एकीत केलेला बदल दुसरीत आपोआप होत नाही, हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. जुन्या ठिकाणी येणाऱ्या सूचना मी न वाचता फाइलला लावत असे. त्यामुळे नव्या ठिकाणी त्या येईनाशा झाल्या आहेत, हे दीड वर्ष माझ्या ध्यानातही आले नाही. चूक इथे झाली. पुढे जे घडले त्यात कार्यालयाचा वाटा मोठा असला, तरी सुरुवात माझ्या हातून झाली हे आधीच कबूल करते.

एका सोमवारी सकाळी दोन वर्षांचा एक मुलगा आला. तापाचा दुसरा दिवस होता, नाक गळत होते, खोकला होता, डोळे लाल होते आणि टॉर्च जवळ नेला की तो मान फिरवत होता. त्या आठवड्यात तशी निदान वीस मुले येऊन गेली असतील. मी जीभ दाबून घसा पाहिला, परंतु गालाच्या आतून, दाढांच्या समोरच्या भागावर टॉर्च फिरवला नाही. गोवराचे कोप्लिक डाग पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधी तिथेच दिसू लागतात. लालसर त्वचेवर मिठाचे कण सांडल्यासारखे ते असतात. त्या दिवशी ते होते की नव्हते हे मला आता कधीच कळणार नाही. केस पेपरवर ‘व्हायरल’ असे लिहून, पॅरासिटामॉल देऊन मी त्याला घरी पाठवले. त्याआधी तो प्रतीक्षा कक्षात पाऊण तास बसला होता आणि समोरच्या बाकावर सर्दीसाठी आणलेले सात महिन्यांचे एक बाळ आईच्या मांडीवर झोपले होते.

गुरुवारी संध्याकाळी तो मुलगा परत आला, तेव्हा कानांमागून सुरू झालेले पुरळ कपाळावर आणि मानेवर उतरले होते. गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून संसर्ग पसरवत असतो, तो खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो आणि जवळच्या संपर्कातल्या ज्यांना प्रतिकारशक्ती नाही, अशांपैकी ९० टक्क्यांपर्यंत लोकांना तो गाठू शकतो. म्हणजे सोमवारचा तो पाऊण तास सरळसरळ त्या मुदतीत बसत होता आणि समोरच्या बाकावरचे ते बाळ संपर्कात आले होते. संपर्क झाल्यानंतर लस द्यायची तर ती ७२ तासांच्या आत द्यावी लागते, आणि इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, सहा दिवसांच्या आत. ७२ तास गुरुवारी सकाळीच संपले होते. उरले होते रविवारपर्यंतचे दिवस.

शुक्रवारी सकाळी मी संबंधित आरोग्य कार्यालयाला फोन केला. पहिले उत्तर असे मिळाले की शेजारच्या भागात गोवराचे रुग्ण आढळल्याची सूचना अकरा दिवसांपूर्वीच सर्व डॉक्टरांना पाठवलेली आहे. ‘माझ्याकडे आलेली नाही’ असे सांगितल्यावर जावक नोंदवही पाहिली गेली आणि सूचना माझ्या जुन्या दवाखान्याच्या पत्त्यावर गेल्याचे निष्पन्न झाले. इथवर राग धरण्यासारखे काही नव्हते. मात्र आमच्याकडे इम्युनोग्लोब्युलिन त्या कार्यालयाच्या पत्राशिवाय मिळत नसे, आणि पत्रासाठी केलेला माझा अर्ज ‘आपला दवाखाना आमच्या यादीत या भागात दाखवलेला नाही’ म्हणून जुन्या भागाच्या टेबलाकडे पाठवला गेला. त्या टेबलाने बाळाचा पत्ता आपल्या हद्दीत नसल्याचे कळवले. बाळाचे वय, संपर्काची तारीख, रुग्णाची लक्षणे हे सगळे मी त्या दिवशी चार वेगवेगळ्या माणसांना फोनवर सांगितले आणि त्यांतल्या एकानेही ते लिहून घेतले नाही. दुपारी साडेचार वाजता, संबंधित अधिकारी दौऱ्यावर असून सोमवारी येतील, असे सांगण्यात आले. सोमवारी पत्र निघाले, त्यावर सही होती, शिक्का होता, जावक क्रमांकही होता. संपर्काचा दिवस धरून तो आठवा दिवस होता.

अकराव्या दिवशी बाळाला ताप आला, चौदाव्या दिवशी पुरळ उठले आणि पाठोपाठ न्यूमोनिया झाला. बाळ नऊ दिवस रुग्णालयात राहून बरे झाले. त्याच्या आईने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, कारण तिला संसर्ग कुठे झाला हे मी स्वतःहून सांगेपर्यंत माहीतच नव्हते.

सूचना वेळेवर हाती पडली असती, तर सगळे टळले असते असे मी म्हणत नाही. पण अकरा दिवस आधी ‘गोवर’ हा शब्द डोळ्यांखालून गेला असता, तर सोमवारी टॉर्च गालाकडे वळला असता, लसीकरणाचे कार्ड मागितले गेले असते आणि ताप, खोकला, लाल डोळे असे सांगत आलेल्या मुलाला बाकावर बसवून ठेवले नसते. आजाराचे ज्ञान मला होते; तो सध्या माझ्या दारापाशी आहे, एवढीच माहिती कमी पडली. सूचनांना औपचारिकता म्हणणाऱ्या त्या सदस्याशी मी असहमत आहे ती इथे. अनुभवी डॉक्टर नेहमी दिसणाऱ्या आजारांकडे झुकूनच निदान करतो, तसे करणे बहुतेक वेळा बरोबरही असते, आणि म्हणूनच नेहमीचे प्रमाण कधी बदलले हे त्याला बाहेरून कोणीतरी सांगावे लागते.

आता आपण काय करावे त्याविषयी. नियम आणि कार्यालयांची रचना प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, मी साथरोगतज्ज्ञ नाही, तेव्हा हे एका सामान्य डॉक्टरचे मत समजावे. सूचना पाठवणाऱ्या कार्यालयाला नुसते ‘माझे नाव यादीत आहे का’ असे विचारू नका, कारण माझेही होते. यादीत माझा कोणता पत्ता, कोणता फोन आणि कोणता ईमेल आहे ते वाचून दाखवा, असे सांगा, आणि शक्य असल्यास एक चाचणी संदेश पाठवायला लावा. ईमेल आपल्या वैयक्तिक नावाचा न देता दवाखान्याचा द्या, म्हणजे आपण सुट्टीवर असतानाही तो कोणीतरी उघडेल. साथरोग विभागात प्रत्यक्ष काम करणाऱ्या एका माणसाचे नाव आणि थेट क्रमांक मिळवा. ही ओळख साथ नसताना करून ठेवावी लागते, त्या शुक्रवारसारख्या दिवशी ती होत नाही. दर तीन महिन्यांनी हे पुन्हा तपासण्यात मला दहा मिनिटे लागतात.

सूचना आली की ती पहिल्यांदा स्वागतकक्षातल्या माणसाने वाचली पाहिजे, हे माझे मत जरा हट्टाचे वाटेल. पण रुग्णाला प्रथम पाहते ती व्यक्ती आपण नसतो. माझ्याकडे नोंद करणाऱ्या ताईंच्या समोर एक छोटा फळा आहे आणि त्यावर सध्या कोणत्या दोन-तीन गोष्टींकडे लक्ष ठेवायचे ते लिहिलेले असते. ताप आणि पुरळ असलेले मूल फोनवरच कळले, तर त्याला दिवसाच्या शेवटी बोलावले जाते आणि प्रतीक्षा कक्षात न बसवता सरळ आत घेतले जाते. एवढ्याशा गोष्टीसाठी कोणत्याही प्रशिक्षणाची गरज नाही.

सूचना फक्त वरून खाली यायच्या असतात, हा समजही सोडून द्यावा. विल्यम पिकल्स या इंग्रज ग्रामीण डॉक्टरांनी यॉर्कशायरमधील वेन्स्लीडेल खोऱ्यात आपल्या रुग्णांच्या तारखा वर्षानुवर्षे तक्त्यांवर मांडून संसर्गजन्य काविळीचा उबवणकाळ, म्हणजे संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, सुमारे २६ ते ३५ दिवसांचा असल्याचे दाखवले होते, तेही कोणत्याही प्रयोगशाळेविना. १९५३ साली ते ब्रिटनमधील जनरल प्रॅक्टिशनरांच्या कॉलेजचे पहिले अध्यक्ष झाले. आपल्याकडून तेवढी अपेक्षा कोणी करत नाही. तरीसुद्धा एकाच गल्लीतून एका आठवड्यात काविळीचे तीन रुग्ण आले, तर ते कळवायला अहवालाची वाट पाहू नये. अधिसूचित, म्हणजे आरोग्य विभागाला कळवणे बंधनकारक असलेल्या, आजारांपैकी अनेक आजार निव्वळ संशयावरून कळवायचे असतात, आणि आपण कळवले नाही तर पुढच्या डॉक्टरला मिळणारी सूचनाही उशिराच निघणार आहे. त्या कार्यालयावर मी इतकी वर्षे चिडून आहे. तथापि त्यांना शेजारच्या भागातला पहिला रुग्ण किती उशिरा आणि कोणाकडून कळला होता, हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याच उशिरा विचारला.

स्थानिक प्रयोगशाळेकडून मिळणारा अँटिबायोग्रॅम, म्हणजे कोणत्या जीवाणूवर कोणते प्रतिजैविक किती टक्के नमुन्यांत चालते याचा तक्ता, हाही एक स्थानिक अहवालच आहे आणि बहुतेकांच्या टेबलावर तो धूळ खात पडतो. तो वाचताना एकच काळजी घ्यावी: ज्या जीवाणूचे ३० पेक्षा कमी नमुने तपासलेले आहेत, त्याच्यापुढच्या टक्केवारीवर विसंबू नये, शिवाय नमुने बहुधा पहिल्या औषधाने बरे न झालेल्या रुग्णांचेच पाठवले जातात, त्यामुळे आपल्या ओपीडीतली परिस्थिती कागदावर दिसते तितकी वाईट नसते.

प्रशिक्षणांविषयी माझे मत आणखी ठाम आहे आणि ते सर्वांना पटणार नाही. सभागृहात बसून ऐकलेल्या व्याख्यानांनी आपल्या कामात फार थोडा फरक पडतो. वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २००९ सालच्या आढाव्यात शैक्षणिक सभांमुळे अपेक्षित पद्धतीने काम करण्याचे प्रमाण साधारण ६ टक्क्यांनीच वाढल्याचे दिसले होते, आणि व्याख्यानाला प्रत्यक्ष सहभागाची जोड असेल तर परिणाम अधिक चांगला आढळला होता. तेव्हा आमंत्रण आले की गुण किती मिळणार हे शेवटी पाहावे. आधी पाहावे ते असे, की आपण आणलेल्या रुग्णांवर तिथे चर्चा होणार आहे का. संजीव अरोरा यांनी २००३ साली न्यू मेक्सिकोत सुरू केलेला प्रोजेक्ट इको याच पद्धतीवर उभा आहे. दूरदूरच्या प्राथमिक डॉक्टरांनी आपले हेपॅटायटिस सीचे रुग्ण दृश्य-संवादातून तज्ज्ञांसमोर मांडायचे आणि उपचार स्वतःच करायचे, अशी ती रचना. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या डॉक्टरांच्या रुग्णांचे निकाल विद्यापीठाच्या तज्ज्ञ दवाखान्याच्या तोडीचे निघाले. तशा पद्धतीची मालिका आपल्या आवाक्यात असेल, तर दहा व्याख्याने सोडून ती घ्यावी.

औषध कंपनीने जेवणासह आयोजित केलेल्या कार्यक्रमांना मी जात नाही. जाणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही, पण तिथे शिकवला जाणारा आजार आणि माझ्या भागात त्या महिन्यात असलेला आजार यांची गाठ क्वचितच पडते. प्रशिक्षण निवडण्यासाठी माझी रीत अगदी साधी आहे: गेल्या तीन महिन्यांत ज्या रुग्णांना पुढे पाठवावे लागले आणि ज्यांच्या बाबतीत निदान बदलले, त्यांची मी एक वही ठेवते, आणि त्या वहीत जो विषय पुन्हा पुन्हा येतो त्याचे प्रशिक्षण शोधते. वहीत रुग्णाचे नाव लिहीत नाही, फक्त वय, तारीख आणि काय चुकले ते लिहिते. त्या वहीतली पहिली नोंद कोणती हे सांगायला नको.

आपण शेवटी विचारले आहे की एकाच दिवशी मधुमेहावरची परिषद आणि लसीकरण विभागाची अर्ध्या दिवसाची बैठक आली आहे, कुठे जावे. परिषदेला गुण जास्त आहेत हे मान्य, आणि गुण खरोखरच कमी पडत असतील तर माझे ऐकू नका. अन्यथा बैठकीला जा. मधुमेहाची माहिती आपल्याला इतरत्रही मिळेल. परंतु आपल्या भागातली कोणती मुले लसीविना राहिली आहेत हे ज्या माणसाला ठाऊक आहे, तो त्या दिवशी त्याच खोलीत असेल. निघण्यापूर्वी त्याचा थेट क्रमांक घ्या आणि त्याच्याकडच्या यादीत आपला पत्ता नवा आहे की जुना, ते त्याच्यासमोर उभे राहून पाहून घ्या.