तिने मागितलंय ते जांभळं आयलायनर द्या

प्रश्न: ताई, माझी भाची पुढच्या महिन्यात १३ वर्षांची होतेय. हल्ली तिला मेकअपचं फार वेड लागलंय, सारखी ते व्हिडिओ बघत असते. वाढदिवसाला मेकअपचंच काहीतरी द्यायचंय पण माझं बजेट खरंच कमी आहे. दोन ऑप्शन काढलेत. एक म्हणजे ऑनलाइन एक मोठं किट आहे, त्यात आयशॅडो, ब्लश, लिपस्टिक, ब्रश सगळं येतं आणि बॉक्स पण मस्त दिसतो. दुसरं म्हणजे फाउंडेशन, कन्सीलर आणि कॉम्पॅक्ट, कारण तिला कपाळावर आणि हनुवटीवर पिंपल्स यायला लागलेत ते झाकले जातील. मागे भेटली तेव्हा तिने माझ्याकडे हळूच जांभळं आयलायनर मागितलं होतं, पण ते काय दोन दिवसांचं फॅड, शिवाय एवढंसं पेन गिफ्ट म्हणून देताना बरं दिसत नाही. बहीण म्हणते तुला हवं ते दे. तर दोन्हीपैकी काय घेऊ?
– गोंधळलेली मावशी

उत्तर: मावशी, दोन्हीपैकी काहीच घेऊ नका. जांभळं आयलायनर घ्या.

तुमचं पत्र वाचताना मी त्या एकाच वाक्यावर अडकले. किटबद्दल तुम्ही एवढं लिहिलंत, बॉक्स कसा दिसतो ते पण लिहिलंत, आणि पोरीने तोंडाने जे मागितलं त्याची एका वाक्यात बोळवण करून मोकळ्या झालात. अहो, या वयाच्या मुलांना काय हवंय विचारलं तर 'काही नको', 'काहीपण चालेल' यापलीकडे उत्तर मिळत नाही, आणि तुमच्या भाचीने वस्तू पण सांगितली आणि रंग पण सांगितला. काळं नाही, ब्राऊन नाही, जांभळं! म्हणजे तिने ते कुठेतरी बघितलंय, आपल्या डोळ्यांवर कसं दिसेल याचा मनात विचार केलाय, आणि मग ते मागायला तिला तुम्ही आठवलात. आणि ते पण हळूच मागितलं. हा 'हळूच' तुम्हीच लिहिलाय आणि तुमच्याच लक्षात आला नाही. मावशी हसणार नाही, मावशी लेक्चर देणार नाही असं वाटलं म्हणून मागितलं ना तिने? आता तिच्या हातात कन्सीलर ठेवलंत तर पुढच्या वेळी ती तुमच्याकडे काहीही मागणार नाही, आणि का मागत नाही ते तुम्हाला कळणार पण नाही.

त्या कन्सीलरचं मला खरंच वाईट वाटलं, म्हणून आधी त्याबद्दलच बोलते. पिंपल्स झाकायला काहीतरी द्या असं ती म्हणालीय का कुठे? नाही. ते तुम्हाला दिसले. विचार करा, सगळे जमलेत, ती रॅपर फाडतेय, आणि आतून फाउंडेशन, कन्सीलर, कॉम्पॅक्ट निघतंय. तुम्ही प्रेमानेच दिलंय हो, पण तिला त्यातून एवढंच कळणार की मावशीला माझ्या तोंडावरचे फोड दिसतात आणि ते झाकावेत असं तिला वाटतं. तिने मागितला रंग आणि तुम्ही देताय झाकण. १३व्या वर्षी आरशासमोर आधीच काय कमी चाललेलं असतं का, त्यात घरच्या माणसाने भर घालायची?

आणि व्यवहाराच्या बाजूने पण ते पटत नाही. या वयात हार्मोन्समुळे त्वचेतलं तेल वाढतं म्हणून कपाळ, नाक, हनुवटी इथे पिंपल्स येतात, ते बहुतेक सगळ्यांनाच येतात. त्यावर जाड थर थापला आणि रात्री तसाच ठेवून झोपली (आणि या वयात झोपतातच) तर छिद्रं अजून बुजतात. शिवाय फाउंडेशन ती समोर नसताना घेणार कसं? त्याची शेड जबड्याच्या कडेला लावून दिवसाउजेडी बघावी लागते, फोटोवरून अंदाजाने घेतलेलं हमखास चुकतं, आणि शेड चुकलेलं फाउंडेशन पैसे घालून कपाटात पडून राहतं. पिंपल्सचा तिला स्वतःला त्रास होत असेल आणि ती बोलली तर साधा सौम्य फेसवॉश पुरे, दुखरे मोठे फोड येत असतील किंवा डाग राहत असतील तर स्किनच्या डॉक्टरकडे न्या. पण ते वाढदिवसाच्या कागदात गुंडाळून देऊ नका.

आता तुमचं किट. बजेट कमी आहे म्हणून किट, हे गणित मला समजतं, एका पैशात खूप काही आल्यासारखं वाटतं. पण तेवढेच पैसे त्या सगळ्या रंगांत वाटले जातात, त्यामुळे एकही धड नसतो. आयशॅडो खडूसारखी भुरभुर गळते, ब्रशचे केस गालाला चिकटतात, आणि एवढ्यातले तीनचार रंग वापरले जातात, बाकी तसेच सुकतात. मुख्य म्हणजे पहिल्याच दिवशी ती सगळं तोंडाला लावून बघणार, कुठलीही मुलगी बघेल. आणि दुसऱ्या दिवशी अंगावर लाल पुरळ आलं तर त्या ढिगातलं नेमकं कशामुळे आलं हे कोण शोधणार? एकच वस्तू असली की निदान कळतं तरी. ज्या किटवर घटकांची यादी नाही, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, एक्सपायरी नाही, ते तर डोळ्यांच्या जवळपास पण नेऊ नका, मग बॉक्स कितीही देखणा असू दे.

राहिलं फॅड. असू दे की दोन दिवसांचं! लिक्विड आयलायनर उघडल्यापासून तीनेक महिन्यांत तसंही टाकून द्यायचं असतं कारण ओल्या टोकात जंतू वाढतात, तोवर तिचं मन भरलं तर काय बिघडलं? सगळ्यात स्वस्तात हौस फिटली, रात्री धुतलं की गेलं. आणि 'देताना बरं दिसत नाही' हे वाक्य तर मनातून काढूनच टाका. गिफ्ट मोठं दिसावं ही तुमची गरज आहे, तिची नाही.

आता घ्यायचं कसं ते सांगते, कारण एकच वस्तू घ्यायची म्हटल्यावर त्याच बजेटमध्ये त्यातली चांगली घेता येईल. तिने पेनच हवं म्हणून हट्ट धरला नसेल तर जेल पेन्सिल घ्या. नवख्या हाताला पेनची रेघ वाकडी जाते आणि पुसायला गेलं की अख्खी पापणी जांभळी होते, पेन्सिलचं तसं नाही, ती बोटाने थोडी पसरवली तरी छान दिसते. वॉटरप्रूफ नको, ते काढायला तेलकट रिमूव्हर लागतो आणि तो नसला की मुली डोळे चोळत बसतात. मोठी चमक असलेलं ग्लिटर पण नको, कण डोळ्यात गेला तर बुबुळाला ओरखडा पडू शकतो. आणि पॅकवर ते डोळ्यांसाठी आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं, हे जांभळ्याच्या बाबतीत जास्तच बघा, कारण भडक जांभळे आणि गुलाबी असे काही रंग असतात जे डोळ्यांजवळ वापरू नका असं कंपनीच बारीक अक्षरात छापते. त्यामुळे जांभळी लिपपेन्सिल मिळाली म्हणून तीच डोळ्याला, असलं काही करायचं नाही. लेबल नसलेलं सुटं काजळ किंवा सुरमा पण नको, त्यात शिसं सापडलेलं आहे. पॅक सीलबंद घ्या. पॅकवर उघड्या डबीचं बारकं चित्र असतं आणि त्यात ६ एम, १२ एम असं काहीतरी लिहिलेलं असतं, उघडल्यावर किती महिने वापरायचं ते, ते तिला दाखवा. असल्या खुणा मुलींना आवडतात, त्यांना आपण एक्सपर्ट झाल्यासारखं वाटतं.

पैसे उरले तर अजून मेकअप घेऊ नका, मेकअप काढायला मायसेलर वॉटरची छोटी बाटली आणि कापूस घ्या. कापूस भिजवून मिटलेल्या डोळ्यावर जरा वेळ धरायचा आणि मग अलगद खाली ओढायचा, घासायचं नाही. ते व्हिडिओ बघून ती अँटीएजिंग सीरम, रेटिनॉल, ॲसिड वगैरे मागायला लागली तर मात्र सरळ नाही म्हणा, १३व्या वर्षी कोवळ्या त्वचेची नुसती आग होते त्याने.

देताना तिच्याजवळ बसून तीन गोष्टी सांगा, पण सूचना म्हणून नको, गप्पा मारता मारता. आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक रेघ मारून एकदोन दिवस बघायचं, खाज आली नाही तरच डोळ्याला. पापणीच्या केसांच्या वर लावायचं, आतल्या ओल्या कडेवर नाही, तिथे तेलाच्या बारीक ग्रंथींची तोंडं असतात ती बंद होतात. आणि मैत्रिणींमध्ये फिरवायचं नाही, एकीचे डोळे आले की सगळ्यांचे येतात. मुलींना हे तिसरं सगळ्यात जड जातं, म्हणून त्याचं कारण नीट सांगा, नुसतं 'नाही द्यायचं' म्हणून ऐकणार नाहीत.

बहिणीला आधी सांगून ठेवा काय देताय ते, म्हणजे सगळ्यांसमोर 'अगं बाई, जांभळं?' असं तिच्या तोंडून निघायला नको. आणि जमलं तर स्वतःसाठी पण एक घ्या, वेगळं. तिला तुमच्या डोळ्यांना लावू दे. वाकडं लावेल, पुसू नका, तसंच जेवायला बसा.

पण त्याआधी आजच तिला फोन करा. सरप्राइज फुटेल, फुटू दे. जांभळं म्हणजे नेमकं कसलं ते विचारा, वांग्यासारखं गडद की फिकट, साधं की किंचित चमकणारं, पेन की पेन्सिल. ती बोलायला लागली की मध्ये 'पण' म्हणू नका.