शब्दचर्चा : पालिका 'स्थितप्रज्ञ' असू शकते का?

प्रश्न : 'घराघरांत पाणी शिरलं तरी पालिका स्थितप्रज्ञ' असं वाक्य बातमीत वाचलं. गीतेतला स्थितप्रज्ञ तो हाच का? आणि त्या गुणाचं नाव 'स्थितप्रज्ञता' की 'स्थितप्रज्ञा'?

उत्तर : उपरोधाने लिहिलं असेल तर वाक्य चालेल. सरळ अर्थाने लिहिलं असेल तर शब्द चुकला. तिथे 'ढिम्म' हवा होता. गुणाचं नाव 'स्थितप्रज्ञता'. पण दोन्ही उत्तरांची किल्ली समासात आहे, तेव्हा आधी तो सोडवू.

समास बहुव्रीही आहे : स्थिता प्रज्ञा यस्य सः, म्हणजे ज्याची प्रज्ञा ठरली आहे, ठाम उभी आहे तो. प्रज्ञा हे आकारान्त स्त्रीलिंगी नाम. बहुव्रीहीत ते दुसऱ्या कुणाचं तरी विशेषण होऊन बसतं, तेव्हा शेवटचा 'आ' ऱ्हस्व होतो. लज्जा गेलेला तो निर्लज्ज, आशा सोडलेला तो निराश, प्रतिज्ञा न ढळणारा तो दृढप्रतिज्ञ. तसाच हा स्थितप्रज्ञ. घोटाळा होतो तो सर्वज्ञ, मर्मज्ञ, सुज्ञ या शब्दांमुळे. त्यांतला 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. त्याच कानाने 'स्थितप्रज्ञ' ऐकला की 'स्थिर बसलेला ज्ञानी' असं काहीतरी मनात उभं राहतं, आणि सगळं लक्ष माणसाच्या न हलण्याकडे जातं. समास मात्र माणसाच्या हलण्या-न हलण्याबद्दल अवाक्षर काढत नाही. स्थिर काय आहे, तर प्रज्ञा. माणूस खुशाल चालेल, बोलेल, भांडेल, रडेलसुद्धा.

आता शब्द येतो कुठे ते पाहू. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ७२ श्लोक आहेत. त्यांतले शेवटचे १९ स्थितप्रज्ञाचे : ५४वा अर्जुनाचा प्रश्न आणि पुढचे १८ हे उत्तर. गांधीजींच्या आश्रमात सायंप्रार्थनेला हेच श्लोक म्हणत, आणि विनोबांच्या 'गीताई'मुळे ते मराठी घरांत पाठ झाले. एवढं सगळं असून 'स्थितप्रज्ञ' हा शब्द त्यांत येतो दोनदाच, ५४ आणि ५५मध्ये. त्यानंतर कृष्ण एकदा 'स्थितधी' (धी म्हणजे बुद्धी) म्हणतो, आणि मग ५७, ५८, ६१ व ६८ या चार श्लोकांत समास सोडवूनच टाकतो : 'तस्य प्रज्ञा प्रतिष्ठिता'. शब्दाचा अर्थ मूळ ग्रंथानेच चार वेळा फोड करून सांगितल्यावर आपण वेगळा लावायला फारशी जागा उरत नाही.

शब्द अर्जुनाच्या तोंडी येतो, पण त्याची सामग्री कृष्णाने आधीच पुरवलेली आहे. ५३व्या श्लोकात कृष्ण म्हणतो, नाना गोष्टी ऐकून गोंधळलेली तुझी बुद्धी जेव्हा समाधीत निश्चल 'स्थास्यति', उभी राहील, तेव्हा तुला योग मिळेल. त्या 'स्था' धातूचं बोट धरूनच अर्जुन लगेच विचारतो : अशी उभी राहिलेली प्रज्ञा ज्याची, त्याची 'भाषा' काय? ही भाषा म्हणजे मराठी-कन्नड नव्हे. शंकराचार्य अर्थ देतात की इतर लोक त्याचं वर्णन कसं करतात, म्हणजे लक्षण. पुढे अर्जुन विचारतो, तो बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. विनोबांनी 'स्थिरावला समाधीत स्थित-प्रज्ञ कसा असे' असं मांडलं आणि पुढच्या ओळीत 'कसा राहे फिरे कसा' म्हटलं. 'स्थिरावणे' हे क्रियापद इथे फार नेमकं बसलं आहे. आधी डुचमळ असते, मग ती थांबते; मुळातच दगड असलेली वस्तू कधी स्थिरावत नाही.

आणखी मागे गेलं तर एक टोमणा सापडतो. गीतेत 'प्रज्ञा' पहिल्यांदा येते ती ११व्या श्लोकात, कृष्णाच्या उपदेशाच्या पहिल्याच वाक्यात : ज्यांचा शोक करू नये त्यांचा शोक करतोस आणि वर 'प्रज्ञावादांश्च भाषसे', प्रज्ञेच्या गोष्टी बोलतोस. म्हणजे अर्जुनाकडे प्रज्ञेची भाषा आहे, उभी राहिलेली प्रज्ञा नाही. महाभारतातला दुसरा नमुना तर गीतेचा श्रोताच आहे. संजय हे सगळं ज्याला सांगतो त्या धृतराष्ट्राला महाभारत 'प्रज्ञाचक्षु' म्हणतं, म्हणजे प्रज्ञा हेच ज्याचे डोळे तो. काय योग्य ते त्याला कळत होतं. पुत्रप्रेमापुढे ते कळणं टिकत नव्हतं. 'स्थित' हे विशेषण कशासाठी लागतं ते या आंधळ्या राजाकडे पाहिलं की कळतं.

मग 'काहीच न वाटणारा' हा अर्थ आला कुठून? बहुधा ५६व्या श्लोकाच्या घाईच्या वाचनातून. 'दुःखेष्वनुद्विग्नमनाः सुखेषु विगतस्पृहः'. इथे दुःख नाही असं म्हटलेलं नाही. दुःखात मन उद्विग्न नाही असं म्हटलं आहे. 'विज्' म्हणजे थरथरणे, हादरणे. दुःख गृहीत आहे, हादरून भान सुटणं नाही. ५७व्यात 'अनभिस्नेह' येतो, त्यानेही लोक फसतात. 'अभि' उपसर्गाने त्या स्नेहाला एखाद्या गोष्टीवर झेपावणारी, चिकटणारी छटा येते. नाकारलं आहे ते हे चिकटणं.

इथे ज्ञानेश्वरांनी जे केलं आहे ते मराठी वाचकाने पाहायलाच हवं, कारण बातमीतल्या पालिकेचा निकाल तिथेच लागतो. ५७व्या श्लोकावर ते पूर्ण चंद्राचा दृष्टान्त देतात, प्रकाश देताना हा उत्तम, हा अधम असं तो म्हणत नाही, आणि मग लिहितात :

ऐसी अनवच्छिन्न समता । भूतमात्रीं सदयता ।
आणि पालटु नाहीं चित्ता । कवणें वेळे ॥

'सदयता' मूळ श्लोकात नाही. ज्ञानेश्वरांनी ती घातली, आणि समता व न पालटणारं चित्त यांच्या मधोमध घातली. दया वगळून स्थितप्रज्ञ होता येत नाही असं मराठीतलं हे सुमारे सातशे वर्षांपूर्वीचं स्पष्टीकरण आहे. 

पुढच्या श्लोकातलं कासवही तसंच. संस्कृतात कासव फक्त अंग आत ओढतं : 'यदा संहरते चायं कूर्मोऽङ्गानीव सर्वशः'. ज्ञानेश्वरी म्हणते :

कां कूर्म जियापरी । उवाइला अवेव पसरी ।
ना तरी इच्छावशें आवरी । आपुले आपण ॥

उवाइला म्हणजे प्रसन्न झाला की. अवेव म्हणजे अवयव. आधी पसरणं आलं, मग आवरणं. कासव कायमचं कवचात बसलं तर ते उपाशी मरेल. मुद्दा आहे तो पसरणं आणि आवरणं दोन्ही स्वतःच्या हाती असण्याचा. पुढच्या ओवीत 'तयाची प्रज्ञा जाण स्थिती । पातली असे' म्हणून ज्ञानेश्वरही समास उघडून दाखवतात.

प्रज्ञा ढळते कशी, याची उतरंड ६२ आणि ६३ या श्लोकांत आहे, आणि मराठी माणूस तिथे पायरीगणिक अडखळतो, कारण शब्द ओळखीचे आणि अर्थ परके. सुरुवात 'ध्यायतो विषयान्' अशी. हे ध्यान डोळे मिटून करायचं ध्यान नव्हे, तर एकाच गोष्टीचं मनात घोळणं; आणि विषय म्हणजे चर्चेचा विषय नसून इंद्रियांना ओढणारी वस्तू. घोळण्यातून 'संग' होतो. मराठीत संग म्हणजे सोबत. इथे 'सञ्ज्' धातू, चिकटणे. संगातून 'काम'. मराठीतलं रोजचं काम 'कर्म'पासून प्राकृत 'कम्म' होत आलं, हा काम म्हणजे हवंसं वाटणं. उच्चार एक, कुळं वेगळी. म्हणूनच निष्काम आणि निकामी यांचा परस्परांशी काही संबंध नाही. कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, म्हणजे समोरचं दिसेनासं होणं, संमोहातून स्मृतिविभ्रम. हा म्हाताऱ्या माणसाचा विसरभोळेपणा नव्हे. आपण कोण, काय ठरवलं होतं, हे ऐन वेळी आठवेनासं होणं. त्यातून बुद्धिनाश, आणि मग 'प्रणश्यति', म्हणजे माणूसच नष्ट होतो.

या उतरंडीत प्रज्ञा कोसळते ती सातव्या पायरीवर. पण घसरण सुरू होते पहिलीवर, जिथे काही वाईट घडलेलं दिसतच नाही, नुसतं मनात घोळत असतं. राग आला की आवरू, असं म्हणणारा चौथ्या पायरीवर जागा होतो; तोवर वेग आलेला असतो. इलाज ६४ आणि ६५मध्ये आहे : राग-द्वेष सुटलेल्या इंद्रियांनी विषयांत 'चरन्', म्हणजे वावरत, 'प्रसाद' मिळवायचा. हा प्रसाद शिऱ्याचा नव्हे. प्र + सद् म्हणजे खाली बसणे. गाळ खाली बसून निवळलेलं पाणी ते प्रसन्न. प्रसन्न चित्ताची बुद्धी लवकर ठरते असं पुढे म्हटलं आहे. त्यामुळे स्थितप्रज्ञाला मराठीत एकच विशेषण द्यायचं तर 'निवळलेला' द्यावं. 'थंड' तर अजिबात नको. ७०व्या श्लोकातला समुद्रही कोरडा नाही. सगळीकडून पाणी येतच असतं, तो मर्यादा सोडत नाही इतकंच.

यावर एक आक्षेप हमखास येतो : जनक म्हणाला होता ना, मिथिला जळत असली तरी माझं काही जळत नाही? 'मिथिलायां प्रदीप्तायां न मे दह्यति किञ्चन'. ओळ महाभारतातलीच, शांतिपर्वाच्या सुरुवातीची. पण ती तिथे कोण, कशासाठी म्हणतं? युद्ध संपलं आहे, युधिष्ठिराला राज्य नको आहे, वनात जायचं आहे, आणि त्या बाजूने तो जनकाची ही गाथा पुढे करतो. लगेच उत्तर देतो तो अर्जुन. तोही जनकाचीच गोष्ट सांगतो, पण राज्य टाकून मूठभर भाजलेल्या धान्यावर राहू पाहणाऱ्या जनकाला त्याच्या राणीने कसं खडसावलं त्याची. हजारोंना पोसणारा तू, आता दुसऱ्याच्या दाराकडे बघणार? ज्याने कुरुक्षेत्रावर 'स्थितप्रज्ञस्य का भाषा' विचारलं, तोच हे म्हणतो आहे. गीताही तिसऱ्या अध्यायात जनकाचं नाव घेते ते कर्मानेच सिद्धी मिळवलेल्यांमध्ये. तेव्हा मिथिलेची ओळ पालिकेच्या बचावाला घेता येत नाही.

शेजारचे शब्दही तपासून घ्यावेत. 'निर्विकार' म्हणजे ज्यात बदल दिसत नाही. चेहऱ्यासाठी हाच योग्य. 'स्थितप्रज्ञ चेहरा' ही रचना म्हणूनच खटकते, चेहऱ्याला प्रज्ञा नसते. 'तटस्थ' काठावर उभा असतो, प्रवाहात नसतो. स्थितप्रज्ञ प्रवाहात असतो. 'कोडगा' बोलणी खाऊनही ढळत नाही, पण ती निगरगट्ट कातडी. सगळ्यांत वाईट गत झाली आहे ती 'उदासीन'ची. गीतेत भक्ताच्या लक्षणांत 'दक्ष उदासीनो' असे दोन शब्द शेजारी येतात (१२.१६). उद् + आसीन, बाजूला उंचावर बसलेला, भांडणात कुणाची कड न घेणारा, आणि तरी दक्ष. आज उदासीन म्हणजे एकतर खिन्न, नाहीतर बेपर्वा. ती लढाई आपण हरलो आहोत, मागे फिरणं नाही. स्थितप्रज्ञ अजून हातचा गेलेला नाही असं मला वाटतं.

वापरताना एक कसोटी लावावी : शब्दाच्या जागी 'आघात होऊनही विवेक न सुटलेला' घालून पाहावं. 'बाजार कोसळला तरी तो स्थितप्रज्ञ राहिला' हे बसतं, जर तो विचारपूर्वक थांबला असेल तर. पैसे बुडाल्याचं कळलंच नसेल तर नाही. 'सहा गडी बाद झाल्यावरही ती स्थितप्रज्ञासारखी खेळत होती' हे उत्तम. 'रस्त्याच्या मधोमध म्हैस स्थितप्रज्ञासारखी उभी होती' हा विनोद आहे, आणि शब्दाची उंची वाचकाला ठाऊक आहे म्हणूनच तो जमतो. पालिकेबद्दलचं वाक्यही याच जातीचं असू शकेल. अडचण एवढीच की टोमणा रोज वापरला की तोच अर्थ होऊन बसतो.

आता विभक्ती. 'स्थितप्रज्ञाची लक्षणं' बरोबर. इथे 'ज्ञा' हे पुल्लिंगी शब्दाचं सामान्यरूप आहे. तेच पाहून अनेकजण मूळ शब्द 'स्थितप्रज्ञा' समजतात. तो स्त्रीलिंगी असता तर 'स्थितप्रज्ञेची' झालं असतं. संस्कृतात अशा स्त्रीला स्थितप्रज्ञा म्हणतील. मराठीत विशेषण बदलत नाही, स्थितप्रज्ञ माणूस आणि स्थितप्रज्ञ बाई दोन्ही चालतात. गुणासाठी 'ता' लावून स्थितप्रज्ञता. 'त्याची स्थितप्रज्ञा' ही रचना कर्मधारय म्हणून ओढूनताणून समर्थता येईल, पण रूढ नाही आणि वर सांगितलेला गोंधळ वाढवते. 'स्थि' ऱ्हस्वच, 'स्थीतप्रज्ञ' आणि विसर्ग घुसवलेलं 'स्थितःप्रज्ञ' दोन्ही चूक.