घरात सुखाने बसल्याचा अपराध

“दिवसभर घरातच राहावेसे वाटते, हे नैराश्याचे लक्षण तर नव्हे?” हा प्रश्न माझ्याकडे निवृत्त मंडळींपेक्षा त्यांची मुलेच अधिक विचारतात. त्यामुळे एका जानेवारीत साठी ओलांडलेल्या बाईंनी तो स्वतःविषयीच विचारला, तेव्हा मी जरा सावरून बसले. ओळख पटू नये म्हणून त्यांचे काही तपशील मी येथे बदलले आहेत.

बाई पंचवटीत राहतात. यजमान जाऊन सहा वर्षे झाली, मुलगा बेंगळुरूला असतो. चौतीस वर्षे त्यांनी सकाळी दोन डबे भरून, बस गाठून, कार्यालयात फायलींचा ढीग उपसून, पुन्हा घरी येऊन कुकर लावला होता. आता त्या पावणेसातला घराबाहेर पडतात, गंगेच्या कडेने रामकुंडापर्यंत चालत जातात, गांधी तलावाजवळच्या पायरीवर थोडा वेळ टेकतात आणि परततात. (नाशिकमध्ये या गंगेला ‘गोदावरी’ म्हणणारा माणूस बहुधा बाहेरगावचा असतो.) त्यानंतरचा सगळा दिवस घरात. भिशीला त्यांनी नकार दिला, भजनी मंडळाला नकार दिला, बिल्डिंगमधल्या बायकांची सहलही टाळली. धाकटी बहीण फोनवर म्हणाली, “अशी एकटी बसून बसून वेड लागेल तुला.”

“मला कंटाळा येत नाही मॅडम,” त्या म्हणाल्या, “याचीच भीती वाटते.”

खरे सांगायचे तर ‘कशात तरी मन गुंतवा’ हा सल्ला माझ्याही ओठांवर आला होता. नैराश्यात रुतलेल्या माणसाला ठरवून लहानलहान कामांना लावणे हा उपचाराचा मान्य मार्ग आहे, आणि तो मी अनेकदा वापरलेला आहे. पण आजार आहे की नाही हे पाहण्याआधीच औषध देण्यासारखे ते झाले असते. म्हणून वृद्धांमधील नैराश्य चाचपण्यासाठी 1986पासून वापरात असलेली पंधरा प्रश्नांची प्रश्नावली मी त्यांच्यासमोर ठेवली. त्यात बाहेर जाऊन नवे काही करण्यापेक्षा घरी राहणे आवडते का, असा एक प्रश्न आहेच आणि ‘हो’ म्हटले की एक गुण मोजला जातो. पुष्कळशा गोष्टी सोडून दिल्या आहेत का, या प्रश्नाचा दुसरा गुण त्यांना मिळाला. पाचाच्या वर गेल्यास अधिक तपासणी करावी लागते. बाईंची बेरीज दोनावर थांबली. आयुष्य रिकामे वाटते का, हे विचारल्यावर त्यांनी थोडा विचार करून “मोकळं वाटतं” असे उत्तर दिले. त्या शब्दासाठी प्रश्नावलीत रकाना नव्हता.

तरीही केवळ गुणांवर विसंबणे मला पटत नाही. मी त्यांना आठवडाभर वही लिहायला सांगितली: तासातासाला काय केले आणि त्यात किती गोडी वाटली, याला दहापैकी गुण. पुढच्या भेटीत त्यांनी जुन्या शाळकरी वहीची पाने पुढे केली. अक्षर कार्यालयातले, सरळ रेषेत. बुधवारच्या पानावर लिहिले होते: ‘गंगेवर बाजार मांडणे चालू होते. हरभऱ्याची जुडी घेतली. भाव केला नाही.’ सात गुण. त्याखाली: ‘दुसरा चहा. बसून प्याले.’ नऊ गुण. ‘बसून’ या शब्दाखाली रेघ होती, कारण चौतीस वर्षे सकाळचा चहा ओट्याशी उभ्यानेच घशाखाली गेला होता. दुपारचे टिपण असे: ‘सोलाण्याची आमटी करायची म्हणून खिडकीत उन्हाला बसून घाटे सोलले. अर्धे सोलतानाच खाल्ले. आमटी पातळ झाली.’ पुन्हा नऊ.

नैराश्यात गोष्टी कमी होतातच असे नाही. कमी होते ती त्यांची चव. सकाळचे चालणे सुटले, झोप मोडली, अन्नावरची वासना उडाली, आवडीचा चहाही पाण्यासारखा लागू लागला आणि असे दोन आठवडे सलग चालले, तर घरच्यांनी वाट न पाहता तज्ज्ञांकडे जावे. या वहीत मात्र चव पानोपानी भरून होती.

एक जागा सोडून. रोज संध्याकाळी सात ते साडेसात या वेळेपुढे एक किंवा दोन गुण होते, आणि काम म्हणून फक्त ‘फोन’ एवढाच शब्द. मी विचारल्यावर बाई बराच वेळ पदराचे टोक दुमडत राहिल्या. मुलगा त्या वेळी फोन करतो आणि “आज काय काय केलंस?” असे प्रेमानेच विचारतो. सुरुवातीला त्यांनी खरे सांगितले, तेव्हा पलीकडून काळजीचा सूर आला. मग एकदा ‘भजनाला गेले होते’ असे सांगून टाकले. तो खूश झाला. आता त्यांना रोज दुपारी संध्याकाळचे खोटे जुळवावे लागत होते. कोणते भजन म्हटले, कोण कोण आले होते, हेसुद्धा.

म्हणजे घरातला निवांतपणा त्यांना पोखरत नव्हता. तो लपवावा लागणे पोखरत होते. आयुष्यभर हजेरीपटावर सही करणाऱ्या माणसाला न दाखवता येणारा दिवस वाया गेल्यासारखा वाटतो, आणि बायकांच्या बाबतीत तर ही हजेरी घरातही लागते, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

त्यांनी एक व्यावहारिक शंका काढली: इतक्या सावकाश चालण्याचा उपयोग असतो का? असतो, असे मी म्हटले. आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम गतीची हालचाल असावी, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बोलता यावे पण गाता येऊ नये, इतपत ती गती. बाईंनी रामकुंडाकडे जाताना तेवढा वेग ठेवावा आणि येताना हवे तसे रमतगमत यावे, असे आम्ही ठरवले. जानेवारीत नाशिकला सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, तेव्हा पायरीवरचे टेकणेही सोडू नये, असे मी आवर्जून सांगितले. सकाळचा उजेड डोळ्यांवाटे मेंदूतल्या घड्याळाला वेळ लावून देतो आणि रात्रीची झोप त्यावर बरीच अवलंबून असते.

बाकी गृहपाठ एकच दिला. संध्याकाळच्या फोनवर वहीतले त्या दिवशीचे पान, गुणांसकट, जसेच्या तसे वाचून दाखवायचे.

तीन आठवड्यांनी त्या आल्या. भजनी मंडळाचे खोटे कबूल करताना त्यांना रडू आले होते, आणि मुलगाही गप्प झाला होता. मग त्यांनी बुधवारचे पान वाचले. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही आणि नंतर म्हणाला, “आई, घाटे कच्चेच खाल्लेस की भाजून?”