विज्ञानकथांमध्ये वाळवंटातले, छळ सोसलेले लोकच जबरदस्त लढवय्ये का दाखवतात?

कारण ते वाचायला झकास वाटतं! पण त्यात अर्धंच सत्य आहे.

'ड्यून' (1965) ही कादंबरी घ्या. तिथले फ्रेमेन, म्हणजे वाळवंटी ग्रहावरचे टोळीवाले, अंगात असा पोशाख घालतात की घाम, लघवी सगळं गाळून पुन्हा प्यायला मिळतं. पंप चालतो श्वासावर आणि टाचेच्या दाबावर. वाळूतून चालायचं तेही बेताल, नाहीतर तालावर महाकाय अळी धावून येते. मेलेल्याच्या शरीरातलं पाणीसुद्धा टोळीचं. म्हणजे शिस्त कवायतीतून नाही, रोजच्या तहानेतून आलेली. बादशहाचे सार्डौकार सैनिकही एका भयंकर तुरुंग-ग्रहावर घडलेले, पण पुढे ऐषआरामात सैलावलेले. चौदाव्या शतकात अरब इतिहासकार इब्न खल्दूननं हेच मांडलं होतं: वाळवंटातली टोळी एकजुटीनं राज्य जिंकते, शहरात सुखावते, आणि काही पिढ्यांत गादी घालवते.

आम्हा इंदूरकरांना हे पटकन पटतं. मल्हारराव होळकर धनगर घरातले, उमेदवारी गेली घोड्यावर. आणि आम्ही रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत जिलेबी खात त्यांचा अभिमान बाळगतो.

आता दुसरी बाजू. उपासमारीनं माणूस कणखर होत नाही, खुरटतो. छळानं बहुतेक जण मोडतात; कथेत दिसतात ते फक्त उरलेले. शिवाय नुसत्या काटकपणावर भागत नाही. मल्हाररावांनाही घोडे, पैसा आणि बाजीरावांचा पाठिंबा लागलाच. फ्रेमेनांनाही भूभागाची माहिती आणि अळ्यांवर स्वार होण्याची विद्या होती म्हणून जमलं. लेखक कष्टाचं वर्णन रंगवतात, रसदीचं दोन ओळींत उरकतात.