काळा रंग पाहून खताचा हिशेब करू नका

प्रश्न (कुडाळ तालुका): ॲमेझॉनच्या खोऱ्यात जुन्या काळी माणसांनी केलेली काळी माती आजही सुपीक आहे म्हणतात. आमच्या तांबड्या जमिनीत कोळसा घातला तर तसं होईल का? नदीकाठी रेताड तुकडाही आहे.

उत्तर: दादा, तुमची तांबडी जमीन आणि तिकडची मूळ जमीन स्वभावाने जवळच्या आहेत. दोन्ही आम्ल, धो-धो पावसात धुपलेल्या, लोह-ॲल्युमिनियमने भरलेल्या. ब्राझीलमध्ये त्या काळ्या मातीला 'टेरा प्रेटा' म्हणतात. वस्तीभोवती चुलीतला कोळसा, राख, माशांची हाडं, खरकटं, मैला, फुटकी खापरं पिढ्यान्‌पिढ्या साचली, त्यातून ती झाली. बरेचसे थर ५०० ते २५०० वर्षांपूर्वीचे आहेत. कोळसा शेजारच्या मातीपेक्षा ७० पटींपर्यंत जास्त सापडला आहे. पण स्फुरद (फॉस्फरस) आणि कॅल्शियम आलं ते मुख्यतः हाडांतून आणि राखेतून, नुसत्या कोळशातून नव्हे.

आता पोताचं, म्हणजे माती चिकण की रेताड याचं, बघा, खरा मुद्दा तोच. टेरा प्रेटा चिकण जमिनीवरही आहे आणि वाळूवरही. दोन्हीकडे माती काळीच दिसते, पण वागते वेगळी. चिकण मातीत सेंद्रिय कर्ब टिकतो, कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवलं जातं. मात्र स्फुरदाचा बराच भाग लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसतो. वाळूत स्फुरद मुळांना सहज मिळतो, पण पालाश (पोटॅश) आणि नत्र (नायट्रोजन) पावसाबरोबर खाली जातं. पालाश तर एरवी समृद्ध टेरा प्रेटातही अनेकदा कमीच भरतो.

म्हणून आधी मूठभर माती ओली करून अंगठा आणि बोटामध्ये दाबत वळी काढा. लांब वळी निघाली तर चिकण. वळीच होत नाही, बोटाला खरखर लागते, तर रेताड.

तांबड्या चिकण जमिनीत स्फुरद विस्कटून टाकू नका. शेणखतात कालवून मुळाजवळ द्या, हाडांचा चुरा मिळाला तर उत्तम. रेताड तुकड्यात कोळशाचा फायदा जास्त दिसेल, कारण चिकणमातीचं धरून ठेवायचं काम तिथे तो थोडंफार करतो. तो कोरडा टाकू नका, सुरुवातीला नत्र ओढून घेतो. बारीक करून शेणस्लरीत किंवा गोमूत्रात दोन आठवडे भिजवा, आधी गुंठाभरच करून पाहा. युरिया आणि पोटॅश एकदम नको, थोडं थोडं विभागूनच द्या. राब भाजून हे साधत नाही; उघड्यावर पाचोळा जळून राख उरते, कोळसा फार थोडा.

प्रश्न (परभणी): आमच्या काळ्या रानात राख-कोळसा टाकावा का?

उत्तर: राख नको. तुमची जमीन आधीच चुनखडीयुक्त आणि विम्ल (आम्लाच्या उलट) आहे, राखेने सामू (पीएच) आणखी चढेल. तिचा काळेपणा वस्तीचा नाही, खडकापासून झालेल्या चिकणमातीचा आहे. आपल्याकडे माणसांच्या वस्तीची माती म्हणजे पांढरी, जुन्या गावठाणाची. ती खत म्हणून खणून शेतात नेण्याची रीत होती, त्यात कित्येक प्राचीन वस्त्या कायमच्या गेल्या, याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या शिवारात अशी टेकाडं असतील तर हात लावू नका. खापरं किंवा मणी दिसले तर तहसील कार्यालयात कळवा.