परसातले प्रश्न : ओले जळण, अडलेला ग्रास कटर आणि सैल दांडा

प्रश्न : जूनच्या वादळात आमच्या परसातला जुना आंबा उन्मळून पडला. फांद्यांचे तुकडे करून आम्ही ते मांगराच्या भिंतीला लागून रचले आणि पावसापासून जपावे म्हणून चारी बाजूंनी ताडपत्रीने बांधले. दसऱ्याला ताडपत्री सोडली, तर लाकडांवर पांढरी बुरशी आलेली होती. न्हाणीच्या चुलीत घातले, की नुसता धूर होतो. हे जळण वाया गेले असे समजावे का? (एक वाचक, ता. राजापूर)

उत्तर : वाया गेलेले नाही. वरची बुरशी झटकून लाकडाला नख किंवा सुरीचे टोक लावून पाहावे. ते भुसभुशीत लागले नाही, तर आतले लाकूड चांगले आहे. आपण पावसाचे पाणी बाहेर ठेवले हे खरे, पण लाकडातले पाणीही आत कोंडले गेले. ताज्या तोडीच्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचेच असते आणि ते बाहेर पडायला वाट लागते. असे लाकूड चुलीत घातले, की आगीची बरीचशी धग आधी ते पाणी उकळून घालवण्यात खर्ची पडते. जाळ थंड राहतो, धूर अर्धवट जळतो, हंड्याच्या बुडाला चिकट काजळी धरते आणि फुंकणी घेऊन समोर बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचे व छातीचे हाल होतात. ओल्या जळणाची खरी किंमत आपल्याकडे घरातल्या बायकांनी मोजलेली आहे, म्हणून हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही.

आता अश्विनाचे कडक ऊन पडले आहे. मे महिन्यात जळणाची बेगमी करायची आपली रीत योग्यच आहे, परंतु पावसाळ्यात पडलेले झाड फोडून वाळवण्यासाठी दसऱ्यापासूनचे कोरडे दिवस फार मोलाचे असतात, कारण मेपर्यंत त्या लाकडाला सात महिन्यांचे ऊन-वारे मिळते. पहिले काम म्हणजे फोडणे. गोल ओंडका सालीच्या आत महिनोन्महिने ओला राहतो. लाकडातले पाणी मुख्यतः कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या अंगातून बाहेर पडते. म्हणून आधी चुलीच्या मापाने हात-सव्वा हाताचे तुकडे करावेत आणि मनगटाएवढ्या जाडीचे फाटे फोडावेत. आंबा मऊ असल्याने तो एका हंगामात वाळतो. ऐन किंवा किंजळ असेल, तर अधिक धीर धरावा लागतो.

रचताना खाली चार जांभे दगड आणि त्यांवर दोन पोफळीच्या फाळ्या टाकाव्यात, म्हणजे रास जमिनीपासून वीतभर उंच राहील, खालून वारा खेळेल आणि वाळवीची माती वर चढू लागली तर ती लगेच दिसेल. भिंतीपासून निदान हातभर अंतर सोडावे. वरून पत्रा किंवा झावळ्यांचे झाप घालावेत, बाजू मात्र पूर्ण उघड्या ठेवाव्यात. लाकूड काढताना आधी काठीने राशीवर ठोकावे आणि फटीत आंधळेपणाने हात घालू नये. फुरसे आणि विंचू यांना अशा जागा फार आवडतात.

लाकूड वाळले का, हे ओळखण्यासाठी वाळलेले दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यास खणखणीत वाजतात, ओले थपथप वाजतात, हे आपल्याला ठाऊक असेलच. त्याहून पक्की एक युक्ती आहे. राशीतल्या मधल्या एका फाट्यावर कोळशाने खूण करावी, तो दर आठवड्याला तराजूवर तोलावा आणि वजन खुणेशेजारीच लिहावे. सुरुवातीला आकडा भराभर उतरतो, मग रेंगाळतो. लागोपाठ तीन आठवडे तो हलला नाही, की जळण तयार झाले.

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ, खैर ही झाडे 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत आणि त्यांतले उभे झाड तोडायला पूर्वपरवानगी लागते. आपला आंबा आपोआप पडला असला, तरी त्याचे लाकूड परसाबाहेर न्यायचे असेल, तर आधी वनरक्षकाला दाखवून रीतसर कागद करून घ्यावा.

प्रश्न : काजूच्या बागेतील रान बेणण्यासाठी दोन वर्षांपूर्वी टू-स्ट्रोक ग्रास कटर घेतला. गेल्या ऑक्टोबरात काम संपल्यावर तो तसाच खुंटीला टांगून ठेवला. यंदा चोक ओढल्यावर तो सुरू होतो, पण चोक काढून रेस दिली, की बंद पडतो. मेकॅनिक कार्बोरेटर बदलायला सांगतात. खर्च करावा का? (एक वाचक, ता. सावंतवाडी)

उत्तर : लगेच करू नये. आपण लिहिलेले लक्षण फार बोलके आहे. चोक ओढल्याने हवा कमी होते. तेवढ्यावर इंजिन चालते आणि हवा मोकळी केली की मरते, याचा अर्थ पेट्रोल पुरेसे पोहोचत नाही. त्यामुळे पेट्रोलची वाट टाकीपासून तपासत यावी. टाकीत नळीच्या टोकाला एक लहानसा फिल्टर असतो. तो वाकवलेल्या तारेने बाहेर ओढावा. तपकिरी, चिकट झालेला असेल, तर बदलावा. नळी कडक होऊन चिरली असेल, तर तिच्यातून हवा ओढली जाते, तीही बदलावी. ही दोन्ही कामे अगदी थोडक्या पैशांत होतात. तरीही गुण आला नाही, तर कार्बोरेटर उघडून क्लीनर फवारावा. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, सुई किंवा तार मुळीच घालू नये, कारण भोक किंचित मोठे झाले तरी मिश्रण कायमचे बिघडते. आतले रबरी पडदे ताठरले असतील, तर त्यांचा संच वेगळा मिळतो. कार्बोरेटर बदलण्याची पाळी या सगळ्यानंतर येते.

बिघाडाचे मूळ वर्षभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलमध्ये आहे. आता आपल्याला मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. कोकणातल्या पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीत हा ओलावा साठत जातो, आणि मर्यादेपलीकडे गेला, की पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर बसतो. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधून. त्या तळच्या थरात ऑइल जवळपास नसते, आणि नळी नेमकी तळातूनच ओढते. म्हणून जुन्या पेट्रोलवर यंत्र नेटाने ओढत राहिल्यास पिस्टन धरण्याचा, म्हणजे आतच घट्ट अडकून बसण्याचा, धोका असतो. दर वेळी दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढेच मिश्रण करावे. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असेल तेच ठेवावे : 1:25 असेल तर लिटरला 40 मिलिलिटर, 1:50 असेल तर 20 मिलिलिटर. अंदाजाने ओतू नये. आणि कळकळीने सांगतो, हे मिश्रण पाण्याच्या बाटलीत भरून कधीही ठेवू नये; तहानलेल्या मुलाला त्या बाटलीतला फरक कळत नाही.

यंदा बेणणी संपली, की टाकी पूर्ण रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होईल. गार झाल्यावर प्लग काढून भोकातून चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल सोडावे, दोरी दोन-तीनदा सावकाश ओढावी आणि प्लग परत बसवावा. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावा. खालच्या गिअरच्या डबीत ग्रीस भरावे. अर्ध्या तासाचे हे काम आहे.

प्रश्न : कुऱ्हाडीचा दांडा सारखा सैल होतो. रात्रभर पाण्यात ठेवला, की दोन दिवस घट्ट राहतो. (एक वाचक, ता. आजरा)

उत्तर : पाण्यात ठेवणे आजपासून बंद करावे. भिजलेले लाकूड फुगून लोखंडाच्या नेढ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या भोकात, चेपले जाते आणि वाळल्यावर पूर्वीपेक्षाही बारीक होते, त्यामुळे प्रत्येक भिजवणीगणिक दांडा अधिकच सैल होत जातो. निसटलेले पाते समोरच्या माणसाला लागू शकते, म्हणून दांडा बदलणेच बरे. धामणीचे किंवा तिवसाचे, सरळ रेषेचे, बिनगाठीचे आणि वर्षभर सावलीत वाळलेले लाकूड घ्यावे. वासल्याने घडवून कानशीने नेढ्याच्या मापाला आणावे आणि काचेच्या तुकड्याने खरवडून गुळगुळीत करावे. वरच्या टोकाला उभी चीर द्यावी. पाते चढवल्यावर कुऱ्हाड उलटी, म्हणजे पाते खाली राहील अशी, अधांतरी धरून दांड्याच्या मोकळ्या टोकावर लाकडी मोगरीने ठोकावे. पात्याच्या जडपणामुळे दांडा नेढ्यात आपोआप खोल शिरतो. मग चिरेत वाळक्या लाकडाची पाचर मारून वर आलेला भाग कापून टाकावा आणि त्या कापलेल्या टोकाला जवसाचे तेल पोटभर पाजावे, कारण ओलावा सगळ्यांत आधी तिथूनच शिरतो.