पॅनल, युती, आघाडी : इंग्रजीत काय लिहावं?

प्रश्न औसा तालुक्यातल्या एका एम.ए.च्या विद्यार्थ्याचा आहे. तो बाजार समितीच्या निवडणुकीवर इंग्रजीत लिहितोय. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन पक्षांचे पुढारी एकाच पॅनलमधून लढले. याला कोलॅबोरेशन म्हणावं, अलायन्स की कोअलिशन?

अलायन्स म्हणा. पॅनल हा शब्द मात्र तसाच नेऊ नका. आपल्याकडं सोसायटी असो, कारखाना असो की ग्रामपंचायत, पॅनल म्हणजे एकत्र लढणारे उमेदवार. बाहेरच्या वाचकाला त्या शब्दानं मुलाखत घेणारी किंवा सल्ला देणारी तज्ज्ञ मंडळी आठवतील. त्याच्यासाठी स्लेट हा शब्द आहे. दोन गटांची मिळून असेल तर जॉइंट स्लेट.

अलायन्स आणि कोअलिशन यांत पुष्कळ जण गल्लत करतात. लढण्यासाठी हात मिळवले की अलायन्स, सत्तेत एकत्र बसले की कोअलिशन, एवढं धरून चाललं तरी बहुतेक वेळा भागतं. संघटनांच्या एकजुटीलाही इंग्रजीत कोअलिशन म्हणतात हे खरं, पण निवडणूक आणि सरकार यांबद्दल लिहिताना हा भेद पाळलेला बरा. 1999 ची विधानसभा काँग्रेस आणि राष्ट्रवादी वेगवेगळे लढले आणि निकालानंतर एकत्र येऊन त्यांनी विलासराव देशमुखांचं सरकार बनवलं. म्हणजे निवडणुकीआधी अलायन्स नाही, नंतर कोअलिशन आहे. 2019 ला उलटं झालं. भाजप-शिवसेना अलायन्स करून लढले, 105 आणि 56 जागा घेऊन बहुमतातही आले, पण त्यांचं कोअलिशन झालंच नाही. ते महाविकास आघाडीचं झालं. तिन्ही पक्षांच्या त्या सरकारला अलायन्स म्हटलं तर चूक नाही, पण सरकार म्हणून लिहिताना कोअलिशनच नेमकं.

आपल्या युती आणि आघाडी या शब्दांवरून इंग्रजी शब्द ठरवायला जाऊ नये. सेना-भाजपची ती युती आणि काँग्रेस-राष्ट्रवादीची ती आघाडी, हा निव्वळ वहिवाटीचा भाग आहे. बाहेरून पाठिंबा हे प्रकरण वेगळं. 2004 साली डाव्या पक्षांनी मनमोहनसिंग सरकारला पाठिंबा दिला, मंत्रिपदं घेतली नाहीत; त्यांना कोअलिशनचे घटक म्हणता येत नाही. आणि बाजार समितीत सभापतिपद एका गटाला, उपसभापतिपद दुसऱ्याला असं ठरलं असेल, तर पॉवर-शेअरिंग अरेंजमेंट लिहावं. कोअलिशन तिथं फार जड होतो.

आता कोलॅबोरेशन. संशोधनात, नाटकात, कंपन्यांत तो चांगला शब्द आहे. राजकारणात, त्यातही जुलमी सत्तेच्या काळाबद्दल लिहिताना, तो जपून वापरा. ऑक्टोबर 1940 मध्ये जर्मनीपुढं हरलेल्या फ्रान्सचा प्रमुख पेताँ यानं हिटलरची भेट घेतली आणि आपण कोलॅबोरेशनच्या मार्गानं जाणार असं रेडिओवरून जाहीर केलं. तेव्हापासून कोलॅबोरेटर म्हणजे शत्रूला सामील झालेला माणूस, हा अर्थ त्या शब्दाला कायमचा चिकटला. मराठवाड्यानं हे फार काळजीनं पाहायला हवं. मुक्तिसंग्रामावर इंग्रजीत लिहिताना 'गावकऱ्यांनी सहकार्य केलं' याचं 'द व्हिलेजर्स कोलॅबोरेटेड' झालं, तर परका वाचक ते गाव रझाकारांना फितूर होतं असं समजेल. ज्यांनी जीव धोक्यात घालून सरहद्दीवरच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पांना भाकरी पोचवली, निरोप पोचवले, त्यांच्यावर एका क्रियापदानं केवढा अन्याय होतो! तिथं हेल्प्ड किंवा सपोर्टेड लिहावं, तेही कुणाला ते नाव घेऊन. को-ऑपरेटेड चालेल, पण साखर कारखाने आणि पतसंस्थांच्या आपल्या मुलखात तोच शब्द पानोपानी सहकारी संस्थांसाठी येतो, त्यामुळं वाचक अडखळतो. साधं वर्क्ड टुगेदर पुष्कळदा पुरतं.

आतून संगनमत करून दुसऱ्याला फसवलं असेल तर शब्द कोल्यूजन. तो आरोप आहे. पुरावा हातात असल्याशिवाय प्रबंधात घालू नका.